टोपणावरचा दोरा

केनवड,
मार्गशीर्ष, १९३८

प्रिय गुलाबसिंग,

हे पत्र तुझ्या भावाकडून, हेमलाकडून, वाचून घेऊ नकोस. तो नको तिथले शब्द गाळतो आणि हवे तिथे आपले घालतो, असा माझा जुना संशय आहे. तुझा पोरगा सेवालाल शाळेत गेलेला आहे, त्याच्याकडून घे, आणि त्याला सांग की अडखळलास तरी चालेल, पण गाळू नकोस. तू हसशील. म्हणशील, जगदेव मिस्त्री अजून कुणावर विश्वास ठेवायला शिकला नाही. खरंच आहे. पोळ्यापासून तू पोहरादेवीला तांड्यावर बसून आहेस आणि मी इथे मालकांच्या मोटारखान्यात आहे. ते का, ते तुला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं आज लिहितो.

लाल गाडी बबनराव मालकांनी अकोल्याच्या साहेबाकडून घेतली, तेव्हाच ती दहा वर्षांची जुनी होती. शर्यतीची गाडी, दोनच माणसं बसतील एवढी, बॉनेटवर चामड्याचे पट्टे. तू पहिल्यांदा तिला वाशीमच्या सडकेवर साठच्या वर नेलीस आणि माझी टोपी उडाली. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. तू म्हणालास, "टोपी गेली तं जाऊ द्या मिस्त्री, डोकं तं हाय ना?" त्या दिवशी आपण किती हसलो. तुझ्याइतका हलका हात मी कुठल्याच ड्रायव्हरचा पाहिला नाही, हे मी तुला तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू डोक्यावर बसला असतास, असं तेव्हा वाटायचं.

मग आली रामनवमी. मालकांना घेऊन तू पोहरादेवीच्या यात्रेला निघालास आणि अनसिंगच्या अलीकडेच गाडी उकळली. पाण्याच्या टोपणातून वाफ, मालकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल गंजाचे शिंतोडे आणि भोवती यात्रेकरूंची गर्दी. परत आल्यावर मालकांनी मला विचारलं आणि मी कामाला लागलो. आधी पंख्याचा पट्टा पाहिला, तो ताठ होता. ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन तापतं, म्हणून तिचा खटका लावून पाहिला. मग प्लग काढून त्यांची तोंडं पाहिली. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असती तर ती पांढरी पडली असती, पण ती छान विटकरी होती. टोपण उघडून इंजिन चालवलं, पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलं. आले असते तर हेडखालची पत्री फुटली असं समजायचं. तसंही काही नव्हतं. चार दिवस डोकं लढवलं आणि गाडी दहाव्या मैलाला पुन्हा उकळली.

गाडीत खोट सापडली नाही की माझ्यासारखा माणूस माणसात शोधतो. पहिला संशय वाटेत तू भरलेल्या विहिरीच्या पाण्यावर. मग तुझ्यावर. माझ्या माघारी तू गाडी दामटतोस, हेमलाला बसवून फिरवतोस असं मनाने घेतलं. मग त्याहून वाईट घेतलं, की तू पाण्यात काहीतरी टाकतोस. खात्री करायला मी टोपणाला पांढऱ्या सुताचा दोरा बांधला, दिसणार नाही असा बारीक. तू परत आलास की दोरा तुटलेला असायचा, दर खेपेला. मला केवढा आनंद व्हायचा, चोर सापडल्याचा! उकळत्या गाडीत पाणी भरायला टोपण उघडावंच लागतं, हे माझ्यासारख्या पंधरा वर्षं मोटारी खोलणाऱ्या माणसाला सुचू नये? सुचलं नाही. खरं सांगतो, सुचू दिलं नाही.

तू मला एकदा म्हणाला होतास, "मिस्त्री, जाळीच्या पोटात कायतरी अडकलं हाय. खोलून पाहा ना एकदा." इंजिनाचं पाणी थंड करणारी ती जाळी खोलायची म्हणजे कथलाचे डाग उकलायचे. मी तुझ्यावर असा ओरडलो की रामधन चौकीदार पळत आला. तुला वाटलं असेल, मिस्त्रीच्या मानाला लागलं. तसं नव्हतं रे, मी घाबरलो होतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मालकांनी मला ओट्यावर बोलावलं. म्हणाले, "जगदेव, तुले काय वाटते? कोन करून राह्यला हे?" मी मान खाली घातली आणि म्हणालो, "म्या कोनाचं नाव घेत नाही मालक. पन चावी दोघापाशीच राह्यते." एवढंच बोललो. तुझं नावही घेतलं नाही, बघ कसा सज्जन! दुसऱ्या दिवशी बैलांच्या शिंगांना रंग लागत होता आणि तू गाठोडं घेऊन गेलास. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी पान्हे पुसत होतो. ते आधीच स्वच्छ होते.

तू गेलास आणि गाडी उकळतच राहिली. मग माझी पंचाईत झाली. रामधनवर संशय घेतला. मालकांच्या आई गोजराबाईंना ही गाडी डोळ्यासमोर नको असते, म्हणून म्हातारीवरसुद्धा घेतला. शेवटी संशय घ्यायला माणूस उरला नाही, तेव्हा दिवाळीनंतर एका सकाळी इंजिन चालवून जाळीवरून तळहात फिरवला. वरचा भाग चटका देणारा आणि मधला पट्टा गार, म्हणजे तिथून पाणी जातच नव्हतं. जाळी उतरवून घरच्या अंगणात आणली, उलटी केली आणि खालच्या तोंडाने पाणी सोडलं. आधी थेंब थेंब आलं, मग पिवळा चिखल. तुझी वहिनी पंचफुला तुळशीपाशी उभी होती. वास घेऊन म्हणाली, "अवो, हे तं हळद व्हय. कोनं टाकली?"

गुलाबसिंग, तेव्हाही माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "गुलाबसिंगनं असन." पंचफुलाने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "माह्या डब्यातली व्हय ते. दर अमावस्येले गाडीची नजर काढतो म्हनून तुमीच तं मूठमूठ नेत होते."

तर अशी गोष्ट आहे. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला जाळी पाझरत होती. मला डाग द्यायचा कंटाळा आला आणि सडकेवरचे ड्रायव्हर करतात तशी मी दोन मुठी हळद आत टाकली. गरम पाण्यात ती फुगते आणि भेग बुजवते. मालकांना मात्र सांगितलं, डाग दिला, आता दहा वर्षं काळजी नको. त्यांनी चारचौघांत पाठ थोपटली. मग पाझर पुन्हा सुरू होऊन बिंग फुटेल या धाकाने दर महिन्याला एक मूठ घालत राहिलो. सडकेवरची युक्ती एका वेळेपुरती असते, मी तिचा रतीब लावला. आत काय अडकलंय हे तुला नुसत्या अंदाजाने कळलं होतं, मला तर ठाऊकच होतं. तरी मी टोपणाला दोरे बांधत बसलो.

जाळी धुतली, खरा डाग दिला, गाडी रिसोडला जाऊन थंड परत आली. मालक खूश झाले. मी गप्प बसलो, आणि हे गप्प बसणं महिनाभर चाललं. पंचफुला माझ्याशी कामापुरतं बोलते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. परवा वाशीमहून मोटार सर्व्हिसचा माणूस आला होता. तू तिथे ड्रायव्हरच्या जागेसाठी गेलास हे मला त्याच्याकडून कळलं. त्याने विचारलं, "मानूस कसा हाय?" आणि मी खांदे उडवले. तो मान हलवून निघून गेला. त्याला थांबवायला माझे पाय उठले नाहीत. आज सकाळी मालकांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी हात पुढे केला आणि मी चावी दिली. मी उद्या सासुरवाडीला जातो, पुढचं पुढे. खाली मालकांची सही आहे आणि पंचफुलाचा अंगठा आहे. मालकांनी जागा सोमवारपर्यंत धरून ठेवायचा निरोप वाशीमला धाडला आहे. तिथे बोलणं पुरणार नाही, लिहिलेलं दाखवावं लागेल, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. तुझा राग मला माहीत आहे. पण सोमवारपर्यंत हे पत्र फाडू नकोस. नंतर खुशाल फाड.

तुझाच,
जगदेव मिस्त्री