कोरड्या डब्यातली ज्वारी

बाबा,

कोरड्या डब्यातल्या ज्वारीले पुन्हा पाणी घातलं ना तुम्ही? अहो, तो माझा शाळेचा प्रयोग आहे, एका डब्याले रोज पाणी, दुसऱ्याले नाही! उन्हात पाणी तुटलं की पान वाढायचं थांबते, दुपारी गुंडाळून बसते. मरत नाही ते, आपलं पाणी वाचवून राहिलं असते. शनिवारी वर्गासमोर मीच सांगणार आहे! पण तुमच्या मायेनं दोन्ही डब्यांतली पानं सारखीच लांब झाली.

आई मामाकडे गेल्यापासून मी शाळेले निघते तेव्हा तुम्ही झोपलेले, परत येते तेव्हा शिफ्टले गेलेले. सकाळी माती ओली दिसली की वाटते, कोणीतरी माझ्यासंग बोलून गेलं. म्हणून रागावली नाही.

भाकर झाकून ठेवली आहे. आज रात्री ज्वारीले तहानलेलीच राहू द्या. मले उठवा.

पंचफुला