पलीकडच्या बाजूचं प्रवाळ

१८ एप्रिल, बालाघाट
आईच्या डोळ्याची पट्टी सुटली. मोतीबिंदूचं नीट झालं. आता काळा चष्मा, अन् चुलीजवळ जायचं नाही. स्वैपाक माझ्याकडेच.
दुपारी अंदमानहून सेल्वीचा फोन, तिथं प्रवाळ लावायच्या कामात माझ्यासोबत असते ती. उचलला नाही. हात पिठाचे होते. खरं म्हणजे धुऊन झाले होते.

१९ एप्रिल
सेल्वीने फोटो पाठवला. जाळ्यांवरचे प्रवाळाचे तुकडे पांढरे. सगळे.
मागच्या हिवाळ्यात तिने अन् वस्तीतल्या बायांनी बांधलेले, एकेक तुकडा, सुतळीने. त्यांना जेट्टीजवळ लावायचं होतं, उथळ पाण्यात. चालत जाऊन पाहता येतं म्हणून. मीच अडून बसले. नाही, बेटाच्या पलीकडेच. तिथं खोल समुद्रातलं गार पाणी वर चढतं, उन्हाळ्यात प्रवाळ वाचतं. मागच्या गर्मीत वाचलेलं मी स्वतः पाहिलं होतं. त्या बिचाऱ्या दर वेळी होडी काढून जात राहिल्या.
उत्तर लिहिलं, पुसलं.

२२ एप्रिल
ऑफिसातून पाण्याखालच्या तापमानाचे आकडे आले. खालचं पाणी वर येतंय, नेहमीसारखंच. पण गार नाही. वरचा तापलेला थर यंदा इतका खोल गेलाय की खालून येतं तेही कोमट. अन् त्या बाजूच्या प्रवाळाला गर्मीची सवयच नाही, जन्मभर गारव्यात वाढलेलं.
जेट्टीजवळचं जुनं प्रवाळ फिकं पडलंय, पण बरंचसं टिकून आहे. मी तर ते मरेल म्हटलं होतं. छातीठोकपणे.
संध्याकाळी बाबा खुशीत. समाजाच्या मंडळाने माझा सत्कार ठरवलाय. "पोरगी समुद्राच्या तळाशी जाते म्हणून सांगून देल्लं सगळ्याईले."
नाही म्हणायला तोंड उघडलं. मग भाजीत मीठ टाकलं का ते पाहायला उठले.

२६ एप्रिल
सत्कार. शाल, नारळ, भाषण. जुनेच फोटो दाखवले, तपकिरी-गुलाबी. गारव्याने प्रवाळ कसं वाचतं ते सगळं सांगितलं. टाळ्या. आई काळा चष्मा लावून पुढच्या रांगेत, शेजारी कटंगीहून आलेली मावशी.
मागून एक वकील काका: "यंदा त मोठी गर्मी आहे. तिथलं ठीक आहे ना बेटा?"
"हौ, ठीक आहे."
इतक्या सहज निघालं तोंडातून.
जेवताना अर्धं ताट तसंच ठेवून उठले. मावशी म्हणे, दमली पोरगी.

२७ एप्रिल
सकाळी बाबांना सांगितलं. ते कूलरमध्ये पाणी भरत होते, पाइप तसाच हातात. आधी समजून घेतलं. "म्हणजे उन्हाळ्यात वैनगंगेच्या डोहात पाय खाली सोडला का थंडा लागते, तसं?"
"तसंच. पण यंदा पाय कितीही खाली सोडा, गरमच."
"मंग काल काहून नाही सांगतलं?"
"तुम्ही समोर बसले होते."
कूलर भरून पाणी अंगणात वाहायला लागलं, तेव्हा त्यांनी नळ बंद केला.
"माह्यावर नको टाकू," म्हणाले. रागावून नाही. तेच जास्त लागलं.

२८ एप्रिल
सेल्वीला फोन केला.
"मैं समझी आपकी माँ को कुछ हो गया," ती म्हणाली. माझ्या आईची काळजी करत बसली होती, अन् मी इथं...
सांगितलं सगळं. की जागा माझी चुकली. शरम वाटत होती म्हणून फोन घेतला नाही. ती लगेच "कोई बात नहीं" म्हणाली नाही. बरं वाटलं.
मग विचारलं, मेलं का? म्हटलं, पांढरं म्हणजे अजून मेलं नाही, उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर रंग परत येईल. जाळ्या आणखी खोल उतरवता येतील, तिथं निदान ऊन कमी लागतं, पण हलवताना काही मरतील. तशाच ठेवल्या तर कदाचित सगळेच.
"तो क्या करें?"
"मालूम नहीं, सेल्वी."
बायांपैकी दोघीजणी होडीत यायच्या बंद झाल्यात म्हणे. नावं विचारली नाहीत. हिंमत झाली नाही.

३० एप्रिल, गोंदिया स्टेशन
आईजवळ मावशी थांबली. बाबा इथवर सोडायला आले. वाटेत सेल्वीचा मेसेज: बायांनी मिळून ठरवलं, अर्ध्या जाळ्या खोल उतरवल्या. बाकीच्या मी आल्यावर. तिथं कालपासून ढग आहेत. पाणी अजून गरमच.
प्लॅटफॉर्मवर बाबा म्हणाले, "मंडळवाल्याईले मी सांगू का तू सांगतं?"
"मी सांगते."
त्यांनी लगेच अध्यक्षांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. घंटी वाजत होती तेवढ्यात गाडी लागली. मी फोन कापून त्यांना परत दिला, बॅग उचलली.
तोच नंबर त्यांनी आता माझ्या मोबाइलवर पाठवलाय. नागपूर यायला अजून वेळ आहे.