भिंतीवरच्या काकू

प्रिय आई,

जय भीम.

दुपारी मला सिव्हिल लाइन्सला जायचं आहे आणि मी सकाळपासूनच साडी नेसून बसले आहे. अनिरुद्धभैयांचा फोन आला होता. म्हणाले, दीदी, आई तुम्हाला बोलावून राहिली, आज येऊन जा. काहून बोलावलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. चहा केला, तो तसाच गार झाला. तू असतीस तर आतापर्यंत चप्पल घालून दारात उभी राहिली असतीस, "चाल न वो बाई, किती येळ लावते!" म्हणत. तू नाहीस, म्हणून तुला लिहून राहिले आहे.

भैयांची आई, या काकू, तुला माहीत नाहीत. तू गेल्यावर मी काढलेलं पहिलं चित्र त्यांचं. आणि त्या चित्रापायीच मी घाबरले आहे.

आई, लोकांना वाटतं रंजना पोर्ट्रेट काढते. आपलं काम दोघींचं होतं हे कोणाला माहीत आहे? मी ईझल लावायची आणि तू समोरच्या बाईजवळ तुझा वेताचा बुटका मोढा ओढून बसायचीस. पनागरच्या त्या आजी आठवतात का? मुलांनी साठीशांतीसाठी तेलरंगातलं चित्र सांगितलं होतं. जरीची साडी, ठुशी, सगळं अंगावर, आणि चेहरा मात्र आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखा. सकाळ सगळी वाया गेली. मग तू उठून त्यांच्याच स्वयंपाकघरातून मटारची टोपली घेऊन आलीस, त्यांच्या पुढ्यात ठेवलीस आणि विचारलंस की यंदा शेंग भरली काहून नाही. त्या शेंगा सोलायला लागल्या, बोलायला लागल्या, सुनेची नक्कल करायला लागल्या. मला जो चेहरा पाहिजे होता तो तेव्हा आला.

बाकीचं माझं काम सोपं होतं. पदर जरा वर घेतला की मानेची कातडी झाकते. उजेड वरून न घेता खिडकीतून घेतला की डोळ्याखालची पिशवी जाते. हनुवटीमागे गडद रंग ठेवला की जबड्याची रेघ परत येते. दहा-पंधरा वर्षं कमी होतात आणि घरचे म्हणतात, अगदी अशीच होती आमची आई.

माझ्यासोबत शिकलेल्या मुली याला चापलूसी म्हणायच्या. मी तुला येऊन सांगितलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "बाईनं जनमभर साऱ्यायच्या मनासारखं केलं. रंगानं एकडाव तिच्या मनासारखं केलं तं कोणाचं काय जाते?"

पण तू स्वतः कधी बसली नाहीस. किती वेळा म्हटलं? "माझं काय काढतं, मी तं इथंच हावो," म्हणायचीस. आता सांग, आहेस का?

मागच्या थंडीत तू गेलीस आणि मी काम बंद केलं. रंगाच्या नळ्यांची झाकणं घट्ट बसली, ब्रश डब्यात वाळून काठीसारखे झाले. फोन आला की मी सांगायची, तब्येत बरी नाही. खरं कारण वेगळं होतं. मोढा रिकामा ठेवून मी कोणत्या बाईसमोर उभी राहू?

पावसाळ्यात अनिरुद्धभैया घरीच आले. त्यांची आई, प्रमिलाकाकू, मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. भैया सारखं एकच म्हणत होते, आईला सुंदर काढा आणि जरा लवकर काढा. घाई कशाची ते बोलले नाहीत. त्यांचे डोळे पाहून मला नाही म्हणता आलं नाही.

पहिल्याच बैठकीत काकूंनी मुलाला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि खुर्चीत ताठ बसल्या. डावा गाल सुजलेला होता. मला वाटलं दाढ दुखत असेल.

"भैयानं सांगितलं नसेल तुला," त्या म्हणाल्या. "हिरडीचा कॅन्सर आहे. नागपूरला जबड्याचं हाड काढणार. हे तोंड आता थोड्याच दिवसांचं."

माझ्या हातातली रेखाटायची कोळशाची कांडी मोडली. त्याच पुढे म्हणाल्या, "ग्राउंडवर उभी राहायची तशी काढ मला. ही सूज नको."

काढायला सुरुवात केली, पण चेहरा येईना. भीतीनं त्यांचा ओठ आवळलेला, नजर दारावर. त्यांना बोलतं करावं तर बोललं की दुखायचं. मग एकच उरलं, मीच बोलायचं. तुला माहीत आहे मी काम करताना तोंडातून शब्द काढत नाही. काय बोलू, काय बोलू करता करता मी तुझ्याबद्दल बोलायला लागले. खमरियाला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये तू सगळ्या लाइनीच्या बायका जमवून पापड लाटायचीस ते सांगितलं. बाबांची बस सुटली की त्यांचा विसरलेला डबा घेऊन सायकलवर फॅक्टरीच्या गेटपर्यंत जायचीस ते सांगितलं. सायकल शिकताना तू बड्या साहेबांच्या बगीच्यात घुसलीस आणि माळी तुला रागवायच्या आधी तूच त्याला रागवलीस, फाटक बंद काहून नाही ठेवलं म्हणून! काकूंचे डोळे हसले. ओठ सुटला. तू गेल्यापासून मी तुझं नाव कोणासमोर तोंडातून काढलं नव्हतं आणि त्या खोलीत बैठकीमागून बैठक तुझ्याबद्दलच बोलत राहिले.

मग अचानक ऑपरेशनची तारीख अलीकडे आली. माझी झोप उडाली. तेलरंग काही आपल्या घाईनं वाळत नाही. गाल अजून ओला होता, हातांचं काम उरलं होतं. कसंबसं पुरं केलं. सूज काढून टाकली, जबडा सरळ केला, मान ताठ, नजर दूर, सकाळचं ऊन. गाडीत बॅगा ठेवल्या होत्या तेव्हा काकू चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहिलं.

"अच्छी आहे ही," म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

ही. मी नाही, ही! तो एक शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला आहे. आई, आतापर्यंत मी ज्या बायकांची वयं कमी केली, त्यांचं जे गेलं होतं ते हळूहळू, त्यांच्या देखत गेलं होतं. या बाईचं मी तिच्याच घरात असं तोंड टांगून ठेवलं जे आता तिला कधी मिळणार नाही. परत आल्यावर रोज उठून तिनं ते पाहायचं? सुंदर काढलं म्हणजे मी चांगलं केलं की वैर केलं? तू असतीस तर काय म्हणाली असतीस? भैयांना करायला कितीदा फोन हातात घेतला आणि ठेवला. ऑपरेशन झालं, घरी आणलं, एवढंच भैयांकडून कळलं. कशा दिसतात हे मी विचारलं नाही. आणि आता हे बोलावणं. चित्र परत घेऊन जा म्हणतील असं वाटून राहिलं आहे. म्हटलं तर तेही बरोबरच. पण मग मी परत ब्रश उचलीन असं वाटत नाही.

ऑटो आला. पत्र अर्धंच ठेवते.

—

आई, जाऊन आले. काल लिहवलं नाही, आज लिहिते.

भैयांनी फाटक उघडलं. पुढच्या खोलीतच, दारातून आत गेल्याबरोबर समोर ते चित्र होतं आणि त्याच्याखाली आरामखुर्चीत काकू बसल्या होत्या. खोटं काहून बोलू, मी आधी भिंतीकडे पाहिलं. श्वास घेतला. मग खाली पाहिलं.

डावा गाल आत गेला आहे. तोंड एका बाजूला ओढलं आहे, आणि छातीवरची कातडी काढून तिथं लावली आहे, तिचा रंग वेगळा. ओठाच्या कोपऱ्याला सारखा रुमाल धरावा लागतो. मी पाया पडले आणि उठताना मला रडू आलं. म्हटलं, काकू, तुम्हाला त्रास होत असेल तर मी हे चित्र आजच घेऊन जाते.

त्या बोलल्या ते मला पहिल्यांदा समजलंच नाही. काकूंच्या सूनबाई शेजारी होत्या, त्यांना ते बोलणं कळतं, पण काकूंनी त्यांना हातानं थांबवलं आणि स्वतःच परत एकेक शब्द सांगितला.

"लोक येतात. आधी तिकडं बघतात, मग माझ्याकडं. तेवढ्यात त्यांचं तोंड नीट होतं. मला सोपं जातं." मग रुमालानं ओठ टिपला. "तूही तसंच केलं आत्ता."

सूनबाईंनी मग सांगितलं की घरी आल्यावर चित्र उतरवून आत ठेवलं होतं, काकूंना पाहवणार नाही म्हणून. काकूंनीच हट्ट करून ते पुढच्या खोलीत लावून घेतलं आणि आपली खुर्ची त्याच्याखाली ओढायला लावली. पहिले काही दिवस त्या स्वतः तिकडे पाहत नव्हत्या, हेही सांगितलं. आता पाहतात. कधीकधी नाही पाहत.

म्हणजे माझी भीती अगदीच खोटी नव्हती, आई. पण पूर्ण खरीही नव्हती.

बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. नागपूरला काकूंच्या बाजूच्या पलंगावर खमरियाची एक बाई होती, गीताबाई. आपल्याच फॅक्टरीच्या इस्टेटमधली, तू कदाचित ओळखतही असशील. तिचंही तेच दुखणं, ऑपरेशन अजून व्हायचं आहे, आता घरी आली आहे. काकूंनी तिला मोबाइलमध्ये आपलं चित्र दाखवलं होतं आणि तेव्हापासून ती विचारून राहिली आहे की माझं कोणी काढेल का.

"तिच्याकडं जाशील?" काकूंनी विचारलं. मी हो म्हणायच्या आत त्यांनी माझा हात धरला. "खूप घाबरली आहे. तिला तुझ्या आईचं सांग. मला सांगितलं तसं."

घरी आले ते ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले. अर्धे नरम झाले, अर्धे टाकून द्यावे लागले. रविवारी खमरियाला जाणार आहे. आपल्या जुन्या लाइनीवरूनच रस्ता जातो आणि त्याचीही मला भीती वाटून राहिली आहे. गीताबाईला सूज काढून पाहिजे असेल की ठेवून पाहिजे असेल, कोणास ठाऊक. कदाचित मला पाहून ती नाहीच म्हणेल.

तुझं चित्र काढीन असं वचन मी देत नाही. तू नाही म्हणाली होतीस, आणि बाईच्या मनासारखं करायचं हे तूच शिकवलंस. दुसरं वचन देते. यापुढे ज्या बाईसमोर बसेन तिला आधी विचारीन की तुला कोणती तू पाहिजे, आणि घरचे काहीही म्हणोत, तीच काढीन. तिचं तोंड भीतीनं आवळलं तर मी गप्प बसणार नाही. बोलत राहीन, तुझ्याबद्दल.

रविवारी तुझ्या मोढ्यावर मीच बसेन.

तुझी,
रंजू