गेंदाबाईने फोडलेला नारळ

देवास, गुरुवार, ५ फेब्रुवारी १९९८

आज मन कसं भरून आलंय! सुधावहिनींच्या संस्थेबरोबर उदयनगरजवळच्या एका गावात गेले होते. परदेशी मदतीतून तिथे हापसा बसणार, त्याचं भूमिपूजन माझ्याकडे. नारळ घरचाच नेला, विकत कशाला घ्यायचा?

पटेलांच्या अंगणात पूजा मांडली, नारळ ठेवला, तोच गेंदाबाई नावाची तिथलीच एक बाई पुढे आली. "ये जगह किससे पूछके तय की? पटेल के आँगन में हमको कौन पानी भरने देगा?"

मी मेली मुहूर्ताच्या घाईत! म्हटलं, "अरी, मदद मिल रही है, हाथ जोड़."

"हाथ तो भगवान को जोड़ूँगी, बाईजी. पानी तो हमारा हक है."

वाटलं, आता वहिनी चिडणार. त्यांनी तर कपाळाला हात लावला. "चुकलंच आपलं. पैसे देणाऱ्यांचीही हीच अट होती, आधी बायकांना विचारा. आपण विचारलं पटेलांना!"

मग बायकांनीच आपल्या घरांजवळची, चिंचेखालची जागा दाखवली. मिस्त्री म्हणाला, इथेही पाणी लागेल. नारळ पदरात घेऊन मी त्यांच्यामागे! तो फोडला गेंदाबाईनेच, एका फटक्यात.

इतकी वर्षं देवळात प्रसाद वाटते, पण कोणाला काय हवं ते कधी विचारलं का मी? आज खोबऱ्याचा तुकडा घ्यायला रांगेत शेवटी उभी राहिले. गेंदाबाई हसून म्हणाली, "बाईजी, छोटा दूँ कि बड़ा?"

मोठा मागितला.