ह्यांची उदासी आणि माझे काढे

धरमपेठ, नागपूर
१२ जानेवारी १९७६

ती. यमुताई,

धाकट्या लतिकेचा वाकून नमस्कार. (कागदावरचा डाग ब्राह्मी तेलाचा आहे, मन मोठं करून वाच.) तुझे गुडघे कसे आहेत? खाप्याच्या थंडीत भाऊजींचा खोकला वाढला नसेल अशी आशा करते. इकडे मी ठणठणीत आहे. काळजी आहे ती ह्यांची.

दिवाळीनंतर हे तारघरातून रिटायर झाले, तेव्हापासून वरांड्यातल्या खुर्चीत बसून नुसते रस्त्याकडे पाहतात. काही विचारलं की "हं". (लग्नापासून "हं"च म्हणतात, पण तेव्हा ऑफिस होतं, त्यामुळे दिवसभराचे सगळे "हं" माझ्या एकटीच्या वाट्याला येत नव्हते.) शेजारचे बाबाराव हल्ली जडीबुटीची पुस्तकं वाचतात. त्यांनी फाटकातूनच निदान केलं, "वहिनी, देवरावले मनाची उदासी आली. काहून घाबरून राहिल्या? अश्वगंधा द्या त्याले, दुधात!"

दिली. चमचा कुठला ते बाबारावांनी सांगितलं नव्हतं, म्हणून मी वरणाचा घेतला. हे दुपारी झोपले ते दिवेलागणीपर्यंत उठेनात. भेटायला आलेल्या तारघरातल्या वामनरावांनी चार हाका मारल्या, उत्तर नाही, तेव्हा ते बिचारे माझ्याआधीच रडायला लागले. त्यांच्या रडण्यानेच ह्यांना जाग आली.

मग ब्राह्मी तेल. ते मी डोक्यावर असं थापलं की एका लग्नात ह्यांनी वरपित्याला मिठी मारली आणि त्यांच्या रेशमी सदऱ्याच्या खांद्यावर डाग उमटला. (हे काहीच बोलले नाहीत. वरपिता बोलले.) मग शंखपुष्पीचा काढा. त्याचा वास पातेल्यांना इतका बसला, की भांडीवाली सिंधूताई म्हणाली, "बाई, हे गंज मी नाही घासत." शेवटी इतवारीतून जटामांसी आणून ह्यांच्या उशीत भरली. दुकानदार तिला बिल्लीलोटन का म्हणाला, ते दुपारी कळलं. गल्लीतल्या यच्चयावत मांजरी उशीवर लोळत होत्या आणि हे कडेला अंग चोरून बसले होते. म्हणाले, "लतिका, माह्या निरोप समारंभाले एवढे लोक नव्हते आले गं." आणि हसले! मी लगेच जटामांसी दुप्पट केली.

तरी खात्री असावी म्हणून काल सगळ्या पुड्या आणि बाटल्या पिशवीत घालून ह्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, प्रकृती उत्तम आहे, रिटायर झालेला माणूस आराम करतो आहे. तेव्हा तू मुळीच काळजी करू नको. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
लतिका

ता. क. – डॉक्टरांनी नंतर मला विचारलं, "आणि तुम्ही कधीपासून नीट जेवल्या नाहीत?" मी म्हटलं, "पेशंट हे आहेत." ते म्हणाले, "ते दिसलं मला. पण तुम्ही मघापासून रडताहात." ताई, मला खरंच माहीत नव्हतं. आमची देवकी सासरी गेल्यापासून सकाळी उठावंसं वाटत नाही, फोडणी करपते तरी वास येत नाही, एवढंच. डिप्रेशन म्हणाले, सौम्य आहे म्हणाले. गोळ्या दिल्यात, आणि त्यांच्यासोबत एकही पुडी घ्यायची नाही अशी ताकीद दिली.

आणखी एक – येताना रिक्षात मी ह्यांना चिडून विचारलं, की तुम्हाला काही झालं नव्हतं तर इतके काढे कशाला प्यायलात? ह्यांनी पुड्यांची पिशवी माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतली. मग म्हणाले, "ते देताना तुह्या चेहऱ्यावर जराशी जान येऊन राहिली होती. म्हणून पेत होतो."

आणि आता पत्राचं खरं कारण – ह्यांच्या नावाने एक पत्र टाक, की लतिकेला थोडे दिवस खाप्याला पाठवा. एकटीलाच बोलाव, नाहीतर मागोमाग बाबारावही येतील. आल्यावर मी काय करीन ते आत्ताच सांगून ठेवते: रडीन. तू जवळ बस. फक्त उपाय सांगू नको.