मनोहररावांची झोप

॥ श्री ॥
सौंसर, १६ जानेवारी २०२५

ती. दादास,
उर्मिलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान रुसल्यापासून फोनवर मी एक विचारते आणि तू भलत्याचंच उत्तर देतोस, म्हणून हे पत्र. बातमी मोठी आहे, बसून वाच. आमच्या तुषारने आईबापांना जहाजाची तिकिटं काढून दिली. चेन्नईहून निघायचं, श्रीलंका पाहून परत चेन्नईला. जहाजावर म्हणे नाटकगृह आहे, पोहायचा हौदही आहे. मी या वयात हौदात उतरणार नाही हे अपर्णावहिनीला आधीच सांगून टाक, नाहीतर ती गावभर करेल.

आता खरं कारण. हे रिटायर झाले, तिगावचं रेल्वे क्वार्टर सोडून आम्ही इथं आलो, तेव्हापासून यांची झोपच गेली. त्यात मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन. नागपूरचे डॉक्टर स्पष्ट बोलले की गोळ्यांनी किती होणार, माणूस झोपला नाही तर हृदय सुधारायचं कसं. मी घर अगदी गप्प करून ठेवलं आहे. भिंतीवरचं घड्याळ काढलं, कटकटणारा पंखा बदलला, शेजारच्या कवडूला विनवून त्याची पहाटेची पिठाची चक्की उशिरा सुरू करायला लावली. बिचारा ऐकतो. तरी हे छताकडे पाहत पडून राहतात. दिवसा मी हसते, दादा, पण मला फार भीती वाटते.

समुद्राच्या हवेनं झोप लागेल अशी तुषारची आशा आहे. जन्मभर स्टेशन मास्तरकी करून यांनी दुनियेला रवाना केलं, आम्ही दोघं मात्र कुठं गेलो नाही. या वेळी तरी जावं असं मनापासून वाटतं. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उर्मिला


पांढुर्णा, २५ जानेवारी २०२५

चि. सौ. उर्मिलेस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने आधी वाचलं, मग हौदाची बातमी गावभर गेली, मग मला मिळालं.

गाडी पांढुर्ण्यावरूनच पकडा, तेवढीच फलाटावर भेट. मृग बहाराची संत्री उतरून राहिली आहेत, एक पेटी आणतो. जहाजावर नेऊ देत नाहीत म्हणतात, तर आधीच खाऊन टाका. चेन्नईला सकाळी उतराल, जहाज संध्याकाळचं, मधला दिवस मोकळा. पण ध्यानात ठेव, जहाज संध्याकाळी सुटत असलं तरी बंदराचं फाटक दुपारीच बंद करतात. तुषारने हे आमच्या चेतनला सांगितलं आणि चेतनने ते माझ्या कानात इतक्या जोरानं ओरडलं की शेजारचेही आता जहाज चुकवणार नाहीत.

मनोहररावांना इथंच आरामाला बोलवावं असं कितीदा मनात आलं. पण आपलं घर पडलं रेल्वेलाईनला लागून. रात्रभर मालगाड्या. तुझी वहिनी म्हणते खिडक्या थरथरतात. मला काही कळत नाही, कपातला चहा हलला की समजायचं गाडी चालली. अशा घरात हृदयाच्या माणसाला कोणत्या तोंडानं बोलवू? म्हणून गप्प बसलो. राग मानू नकोस.

घर तसंच शांत ठेव. मनोहररावांना नमस्कार. माया करणारा,

तुझा दादा


चेन्नई, ११ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
उर्मिलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र जहाजावरून नाही, लॉजवरून लिहीत आहे. जहाज गेलं. घाबरू नकोस, आम्ही खुशाल आहोत. क्रमानं सांगते.

गाडीत हे सारा वेळ खिडकीशी बसून सिग्नल वाचत राहिले, जसे काही ड्यूटीवरच आहेत. सकाळी उतरलो, सामान स्टेशनात ठेवलं आणि रिक्षानं समुद्रावर गेलो. वाळूवर कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीच्या सावलीत बसलो. यांनी पाय पाण्यात बुडवले, तुझी दोन संत्री खाल्ली आणि जरा पाठ टेकतो म्हणून आडवे झाले.

दादा, हे झोपले. डुलकी नाही, झोप! तोंड उघडं, हात पसरलेले, घोरणं असं की बाजूची उकडलेले चणे विकणारी बाई वळून पाहू लागली. तिची भाषा मला येईना, माझी तिला. मी तिला संत्रं दिलं. सावली सरकली तशी तिनं आपली छत्री आणून यांच्या डोक्याशी रोवली.

फाटकाची वेळ जवळ आली. यांच्या खांद्याला हात लावायला मी दोनदा वाकले. नाटकगृह आठवलं, श्रीलंका आठवली, खोटं कशाला बोलू, फार हळहळले. पण यांचा चेहरा असा सैल झालेला मी तिगाव सोडल्यापासून पाहिला नव्हता. नाही उठवलं. तुषारला फोन करून सरळ सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, बाबा घोरत होते का. मी हो म्हटलं तर पोरगा रडला.

हे उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. म्हणाले की झोपेत वाटून राहिलं होतं, तिगावातून मालगाडी चालून राहिली आहे आणि तिचा शेवटचा डबा काही येत नाही. समोर लाटांची धडधड चालूच होती, ती ऐकली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तिगावला गाड्या धडधडत जायच्या आणि हे गाढ झोपायचे. एखादी गाडी लेट झाली की मात्र उठून बसायचे. आणि मी वेडी दोन वर्षं यांच्यासाठी घर शांत करत बसले! पहाटेची चक्कीसुद्धा बंद पाडली.

अंधारताना दूर दिवे लावलेलं जहाज दिसलं. कोणतं म्हणून यांनी विचारलं. आपलंच, मी म्हटलं. हे रागावले नाहीत. फलाटावर उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले, गाडी सोडताना करायचे तसा हात वर केला आणि ते दिसेनासं होईतो खाली घेतला नाही. मग म्हणाले, उद्याही इथंच येऊ.

परतीच्या तिकिटाला अवकाश आहे, तोवर रोज समुद्रावर जातो. रोज झोपतात. काळजी आता पुढची आहे. सौंसरला मी समुद्र कुठून आणू? नागपूरला उतरून बसनं घरी जाऊ. तोवर तुझ्या आशीर्वादाची छत्री असू दे.

तुझी,
उर्मिला


पांढुर्णा, १७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उर्मिलेस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसावा लागला.

आपण दोघं भाऊबहीण सारखेच हुशार. तू चक्की थांबवलीस आणि मी बोलावणं. कवडूला सांग, बाप्पा, पाहिजे तेव्हा चालव तुझी चक्की. वरची खोली काल झाडून घेतली. पलंग लाईनकडच्या खिडकीला लावला आहे, खिडकी उघडीच राहील. सामान बांधा आणि दोघं निघून या. आठ दिवसांसाठी नाही, राहायलाच. तुझ्या वहिनीने लोणच्याची बरणीसुद्धा मोठी काढली आहे.

संकोच करू नका. इतकी वर्षं रात्रभर दारावरून गाड्या जातात आणि मला एकही ऐकू येत नाही. माझ्या वाट्याच्या साऱ्या फुकट चालल्या आहेत. त्या मनोहररावांनी घ्याव्या.

वाट पाहणारा,
तुझा दादा