आधीच्या बाईचे डोळे

येना, नोव्हेंबर २०१६

प्रिय अरुंधती,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं, खोटं कशाला बोलू. पण नवऱ्याच्या पहिल्या बायकोला पत्र लिहायचं तर मायन्यात दुसरं काय लिहितात, ते मला कोणी शिकवलेलं नाही. मेल केली असती तर दहादा खोडून, गुळगुळीत करून पाठवली असती, म्हणून हातानं लिहितेय. जयंतनं तुझा निरोप दिला. इथल्या श्लोसमधल्या, म्हणजे जुन्या राजवाड्यातल्या, म्यूझियमनं तुला दोन वर्षांचं काम देऊ केलंय, जयंतच्याच इन्स्टिट्यूटमध्ये बसून, त्याच्याच कॅमेऱ्यावर. आणि तू त्याला म्हणालीस, ऊर्मिलाची हरकत नसेल तरच म्युनिक सोडून येईन. वा गं वा. म्हणजे नाही म्हटलं तर वाईट मी. तू हे चांगुलपणानं केलंस हे मला कळतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

सगळं सुरू केलं त्या फ्रेंच बाईनं. उन्हाळ्यात म्यूझियमनं ते जुनं चित्र जयंतच्या लॅबमध्ये पाठवलं तेव्हा त्याच्याखाली नुसतं ‘फ्रान्सच्या दरबारातील अज्ञात स्त्री’ असं लिहिलेलं होतं. कोणी काढलं तेही ठाऊक नाही. जयंतनं इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं फोटो घेतले आणि लॅपटॉप उघडाच धरून घरी आला. मी पोळ्या करत होते. बघ, म्हणाला, या चेहऱ्याखाली आणखी एक चेहरा आहे. मी बघितलं. निळ्या रेशमी झग्यातल्या गोबऱ्या बाईच्या खाली एक लांबट चेहऱ्याची, उंच कपाळाची बाई दिसत होती. मला मजा वाटली. मग तो म्हणाला की यातलं कळणारं माणूस मला एकच माहीत आहे, आणि इतक्या वर्षांनी त्यानं तुझं नाव घेतलं. घेतलं ते असं, जसं काही ते रोजच घरात घेतलं जातं. मग कर ना फोन, असं मीच म्हणाले. मोठेपणा अंगाशी येतो तो असा.

तू आलीस. उंच, केस पिकलेले आणि ते न रंगवता छान दिसणारी. मी मुद्दाम केस रंगवून आले होते, आदल्याच दिवशी. हॉटेलात उतरलीस तरी जेवायला रोज आमच्याकडे, कारण आई पुण्याहून आलेल्या होत्या आणि तू येनात असून बाहेर जेवणार हे त्यांना चालणारच नव्हतं. जेवताना तुमचं दोघांचं सुरू व्हायचं. कापडाची वीण, रंगाचे थर, कुठला हात कुणाचा. जयंत मध्येच गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणत टेबलावर बोट आपटायचा. हा माणूस माझ्याबरोबर जेवताना मोबाइलवर ट्रेनचं वेळापत्रक बघतो. तुम्ही भांडून वेगळे झाला असतात तर मला किती सोपं गेलं असतं. पण तू शिकायला पॅरिसला, तो इकडे, आणि कधीतरी दोघांनी मिळून शांतपणे सह्या केल्या म्हणे. न भांडता मोडलेल्या लग्नाची भीती वाटते मला.

तुझं काम मात्र चोख, ते नाकारत नाही. त्या बाईच्या मनगटावर कडं आहे आणि त्यात एका पुरुषाची नखाएवढी तसबीर आहे, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. पण खालच्या बाईच्या हातातही तेच कडं, तोच पुरुष, हे तू पाहिलंस. जुन्या छापील चित्रांत त्याचा चेहरा शोधलास. कॉम्त द मोर्सां, राजाचा कोणी दरबारी. पहिली बायको तरुणपणीच गेली, वर्षभरात दुसरी केली. खालची ती पहिली, ब्रुसार नावाच्या दरबारी चित्रकारानं काढलेली. वरची दुसरी, त्याच्या शिष्याच्या हातची. कपडे, कडं, खुर्ची, सगळं तेच ठेवून चेहरा तेवढा बदलून घेतला. म्यूझियममधल्या भाषणात हे सांगताना तू दुसरीची बाजू घेतलीस. तिनं मत्सरानं केलं नाही, तिला कोणी विचारलंच नसेल, असं म्हणालीस. सगळे जर्मन लोक माना डोलवत होते आणि मी पहिल्या रांगेत बसून जळत होते. तू तिला चार शब्द वाईट बोलली असतीस ना, तर मला घरच्यासारखं वाटलं असतं.

आणि ते डोळे. शिष्यानं सगळा चेहरा नवा केला, पण डोळे गुरूचेच राहिले, पहिलीचे. त्याला डोळे जमत नसतील, असं तू म्हणालीस. जयंत त्या रात्री जेवताना म्हणाला, छे, नवऱ्यानंच हात लावू दिला नसेल. सहज म्हणाला, वरणभात कालवता कालवता. तू पटकन विषय बदललास. आईंनी मला विचारलं, ऊर्मिला, तू का जेवत नाहीस?

तू निघालीस त्या दिवशीचं तर सांगायलाच हवं. आईंनी तुझी ओटी भरायला काढली. आशियाई दुकानातून आणलेला नारळ, तांदूळ, ब्लाऊजपीस. आईंच्या लेखी घटस्फोट ही जर्मनीतल्या रविवारसारखी गोष्ट, दुकानं बंद दिसतात पण माणसं तिथंच राहतात. दोघींना पाटावर बसवलं आणि सवयीनं म्हणाल्या, थोरलीची आधी. तुझ्या अंगात जीन्स, पदर कुठला. तू खुर्चीवर होता तो मफलर ओढलास आणि पुढे पसरलास. तो जयंतचा होता. तुला माहीत नव्हतं, मान्य. पण जयंतला माहीत होतं आणि तो हसला. तो हसतो तेव्हा त्याच्या डाव्या गालाला खळी पडते हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याच्याशी लग्न करून सहा वर्षं झाली आहेत. माझी ओटी नंतर भरली, उरलेल्या तांदळांनी.

आता उत्तर. काल जयंत ऑफिसातून लवकर आला, चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, ऊर्मिला, तू हो म्हण ना. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला. अरुंधती, हा माणूस माझ्याकडे कधी काही मागत नाही. ताप आला तर पाणी मागत नाही, भाजी अळणी झाली तर मीठ मागत नाही. मूल हवं का, यावरसुद्धा ‘तुला वाटेल तसं’ म्हणाला होता. मी इतकी वर्षं वाट बघत होते की यानं एकदा तरी काही हट्टानं मागावं. काल पहिल्यांदा मागितलं, आणि मागितलं ते तुला. म्हणून माझी हरकत आहे. येऊ नकोस.

तुझी नसलेली,
ऊर्मिला